सहा पडल्याशिवाय

रविवार, ३ फेब्रुवारी

ती. आईंना,

पिवळीचा साष्टांग नमस्कार.

एवढं लिहायलाच दोन कागद फुकट गेले. 'ती.' लिहावं की 'आदरणीय', इथेच गाडी अडली होती. 'आदरणीय' लिहून बघितलं, तर तुम्ही शाळेच्या बक्षीस समारंभाच्या पाहुण्या वाटायला लागलात. मग म्हटलं, मरू दे. रोज दुपारी ज्यांच्याकडून लुडोत सपाटून मार खाल्ला आणि ज्यांनी मला 'पिवळी' करून टाकलं, त्यांना 'ती.' नाही लिहायचं तर कुणाला? माझं खरं नाव तुम्ही शेवटचं कधी घेतलंत, ते तुम्हाला तरी आठवतंय का? पिवळ्या सोंगट्या घेऊन बसायची म्हणून पिवळी. आता इथेही सगळे तेच म्हणतात.

फोन केला नाही, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मग तुम्ही सगळ्यालाच 'बरं, बरं' म्हणता. शिवाय फोन उचलणार तुमचे चिरंजीव. आमचा काडीमोड झाल्यापासून आम्ही एकमेकांशी इतकं सभ्य बोलतो की अंगावर काटा येतो. त्यापेक्षा पत्र बरं. गुडघा कसा आहे? कानाचं मशीन लावता ना, की 'नवं राहावं' म्हणून अजून कपाटातच?

आता बातमी. आधी बसा. बसलात? मी दुकान काढलंय!

हो, हो, मीच. दुकानदाराने कमी माल दिला तरी मुकाट घरी घेऊन येणारी मी. आणि मग तुम्ही पदर खोचून भांडायला जायच्या, ती मी. दुकान म्हणजे राजवाडा समजू नका हं. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा आहे. पुढे उभं राहता येतं, मागे जाताना वाकावं लागतं, आणि कुणी जिना उतरलं की डोक्यावर धपधप. एका बाजूला शिंपीकाका, दुसऱ्या बाजूला चावीवाला, मधे मी. पाटी माझ्याच हातची: 'बॅग दुरुस्ती. चेन, चाक, हँडल, पट्टा.' शिंपीकाका म्हणाले, "ओळ जरा खाली उतरलीय." मी म्हटलं, "जिन्याखाली आहे काका, उतरणारच."

हे खूळ डोक्यात शिरलं कसं, ते ऐका. त्या दिवशी निघताना मी ती तपकिरी बॅग घेतली होती ना, ती इथे खोलीवर आल्यावर उचलली की खुळखुळायची. आतल्या छोट्या कप्प्यात काहीतरी होतं आणि कप्प्याची चेन जाम. ओढून बघितली, साबण चोळला, शिव्या दिल्या. ढिम्म. दुसरी कुणी असती तर कात्री घातली असती. मला मात्र चेव चढला. तसंही मला तेव्हा दुसरं काम काय होतं? उठायचं, खिडकीतून समोरचं गॅरेज बघत बसायचं, परत आडवं व्हायचं. अंघोळीचाही कंटाळा यायचा, आई. खरं सांगते, स्वतःचीच कीव यायची.

तर मी त्या चेनच्या मागे हात धुऊन लागले. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून पकड मागून आणली. आपल्या ओट्याच्या खणात ती मधला दात तुटलेली आहे तसली नव्हे, चांगली बारीक तोंडाची. चेनवर सरकतो त्या धातूच्या तुकड्याला रनर म्हणतात, हे त्यानेच सांगितलं. तो रनर चेपल्यासारखा झाला होता. कडेने हळूच सैल केला, ओढला, आणि सर्रकन चेन उघडली की हो! त्या आवाजाने मला इतका आनंद झाला की मी खोलीत एकटीनेच टाळ्या वाजवल्या. आणि आत काय? आपल्या लुडोचा फासा! तोच तो. बाबांनी लिमलेटची गोळी समजून चावला होता, तो कोपरा गेलेला.

तो तिथे कसा आला, देव जाणे. पडला असेल. मी काही विचारत नाहीये.

पण फासा हातात आला आणि तुमचा नियम आठवला. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर नाही. लोक एकवरही सोंगटी सोडतात, तुम्ही ती सवलत कुणाला दिली नाहीत. बाबांनी हातापाया पडून मागितली तरी नाही. मी म्हटलं, चला, हाच नियम. रोज सकाळी चहा झाला की फासा टाकायचा. सहा पडला तर बाहेर पडायचं आणि ज्याची भीती वाटते असं एक काम करून यायचं. नाही पडला तर घरी बसायचं, आणि मनाला लावून घ्यायचं नाही. खेळ तो खेळ.

पहिला सहा पडला, त्या दिवशी बॅगांच्या मोठ्या दुकानात जाऊन मोडक्या बॅगा मागितल्या. मालक म्हणाला, "भंगारवाली का?" मी म्हटलं, "नाही, विद्यार्थिनी." दिल्या की त्याने! त्या खोलून खोलून शिकले. पुढच्या सहाला शिंपीकाकांना जाऊन विचारलं, जिन्याखालची जागा द्याल का. बोलताना मनात म्हणत होते, सहा पडलाय बाई, आता माघार घेतलीस तर रडीचा डाव. तुमच्यासमोर रडीचा डाव खेळायची माझी कधी टाप होती का?

पण मग वेडेपणा झाला. हसू नका. दुकान उघडलं तरी मी नियम सोडला नाही. सहा पडला तरच काम घ्यायचं. शिंपीकाका विचारायचे, "काल का बसून होतीस?" मी म्हणायचे, "सहा पडला नाही." ते डोळे फाडून म्हणाले, "हे गिऱ्हाइकाला माहीत आहे का?" शेवटी एक दिवस बँडमधला एक वाजवणारा धापा टाकत आला. वाद्याच्या पेटीची चेन तुटलेली, पेटी मिठीत धरलेली, आणि थोड्या वेळात कार्यक्रम. मी शांतपणे सांगितलं, "आज काम घेत नाही, दोन पडलेत." त्याने माझ्याकडे बघितलं, फाशाकडे बघितलं, फासा उचलला, त्यावर फुंकर मारली आणि टाकला. सहा! "घ्या," म्हणाला, "पडला. आता हात चालवा."

आई, माझी ट्यूब तेव्हा पेटली. फासा मी एकटीनेच कशाला टाकायचा?

आता दुकानात गिऱ्हाईकच फासा टाकतं. सहा पडला तर चेनला मेण फुकट. आणि जिन्याच्या तिरक्या पोटावर मी खडूने लुडोचा पट काढलाय. काम सांगितलेल्या वेळेला दिलं तर जेवढे पडले तेवढी घरं माझी सोंगटी पुढे. उशीर झाला किंवा बॅग परत आली, तर सोंगटी मेली, परत पहिल्यापासून. सोंगटी म्हणजे एक पिवळं बटण, मेणाने चिकटवलेलं. लोकांना काय नाद लागलाय म्हणून सांगू! समोरच्या दवाखान्यातली नर्स रोज ड्यूटीवर जाता जाता ओरडते, "पिवळी, कुठवर आली गं?" शिंपीकाकांनी तर पैजच लावलीय. सोंगटी पूर्ण फेरी मारून मधल्या घरात पोचली की जागा कायमची माझी, नाही तर ते तिथे शिलाईचं दुसरं मशीन टाकणार. सध्या सोंगटी निम्म्यावर आहे. एकदा मेलीसुद्धा. एका वकीलबाईंच्या बॅगेचं हँडल मी उलटं बसवलं होतं.

चला, आता खरंच थांबते, नाहीतर पाकीट फुगेल. औषधं वेळेवर घ्या. उत्तर नाही लिहिलंत तरी चालेल, तुम्हाला लिहायचा कंटाळा आहे ते मला माहीत आहे.

लोभ असावा.

पिवळी


शनिवार, २ मार्च

ती. आईंना,

साष्टांग नमस्कार.

जिंकले! आई, जिंकले! सोंगटी काल संध्याकाळी घरात गेली!

शेवटचा एकच हवा होता आणि दिवसभर लोक पाच, चार, पाच टाकत होते. एरवी सगळ्यांना सहा हवा असतो, काल एकच्या नावाने सगळा जिना ओरडत होता. शेवटी नर्सच आली. तिच्या डब्याच्या पिशवीचा पट्टा उसवला होता, म्हणजे मला तरी संशय आहे की तिने मुद्दामच उसवला. तिने डोळे मिटून फासा टाकला आणि एक पडला. मी पट्टा तिथल्या तिथे शिवून दिला, तो तिने ओढून बघितला, आणि चावीवाल्याने मला खुर्चीवर चढवून सोंगटी घरात ठेवायला लावली. शिंपीकाका म्हणाले, "पोरी, हरलो. जागा तुझी." आणि आत जाऊन पाटीसाठी पट्टी घेऊन आले, की आता तरी ओळ सरळ काढ म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

आणि मग सगळे गेल्यावर मला रडू आलं.

आनंदाचं म्हणाल तर होतंही थोडं. पण खरं कारण वेगळं आहे. मी त्या पटाकडे बघत होते. चार घरं काढलेली, आणि तीन रिकामी. एकटं पिवळं बटण फिरून फिरून आपल्याच घरात गेलं. त्याला मारायला कुणी नाही, त्याच्यामागे कुणी लागलेलं नाही. तुमची लाल सोंगटी मागून यायची तेव्हा मी किंचाळायचे, आठवतं? तुम्ही चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायच्या, "पळ पिवळी, आले मी." कालच्या जिंकण्यात तेवढं एक नव्हतं.

मागच्या पत्रात मी म्हटलं की मी काही विचारत नाहीये. खोटं होतं ते. सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं होतं, आणि बँडवाला काय, वकीलबाई काय, सगळ्यांना मधे आणून ते एक टाळलं.

तर विचारते. फासा तुम्ही ठेवलात का?

मी निघाले त्या दिवशी तुम्ही बाहेर आला नाहीत. मी दारात बॅग धरून उभी होते. आतून नळाचा आवाज येत होता, तुम्ही भांडी घासत होता. आई, ती भांडी मी सकाळीच घासून ठेवली होती. घासलेलीच भांडी परत घासत राहिलात आणि मान वर केली नाहीत. मला वाटलं, संपलं. शेवटी मुलगा तो मुलगा, आणि सून ती परक्याची. मी मनातल्या मनात तुमच्याशी जितकं भांडले, तितकं तुमच्या मुलाशीही भांडले नाही. त्याच्याशी भांडण्यासारखं उरलंच काय होतं? दोघं एका घरात राहून दोन भिंतींसारखे झालो होतो. चूक त्याचीही नाही आणि माझीही नाही, किंवा असेलही, आता कोण मोजत बसणार. पण तुमच्याशी माझं काय बिनसलं होतं? सोडचिठ्ठीच्या कागदावर सही केली ती त्याच्या नावासमोर. तुमच्या नावाचा कागद तर मला कुणी दाखवलाच नाही.

आणि मग तो फासा सापडला. मी ठरवून टाकलं की तुम्हीच ठेवला. 'जा, तुझा डाव आहे' असं काहीतरी तुम्हाला म्हणायचं होतं. त्या एका गोष्टीवर मी अंथरुणातून उठले, लोकांपुढे जाऊन उभी राहिले, हे जिन्याखालचं सगळं उभं केलं. आणि रोज मनात धाकधूक, की तो आवराआवरीत नुसता पडला असेल तर? पट उचलताना घरंगळला असेल, आणि तुम्ही अजून कपाटाखाली शोधत असाल तर?

म्हणून इतके दिवस विचारलं नाही. दुकान चालतंय, दुकानाला आता काही होत नाही. मला होईल.

नाही म्हणायचं असेल तरी कळवा. फासा परत पाठवीन. दोन ओळी पुरे, शुद्धलेखन तपासणार नाही.

तुमची (पुढचा शब्द तुम्हीच घाला),

पिवळी


गुरुवार, २१ मार्च

तीर्थरूप आई,

साष्टांग नमस्कार, आणि त्याबरोबर एक कडकडून मिठी. ही पत्रात पाठवता येत नाही म्हणतात, मी पाठवतेय.

तुम्ही म्हणजे ना, कमाल आहात! दोन ओळी मागितल्या तर माणूस पाठवलात. तोही कोण!

काल दुपारी मी एका ट्रॉलीचं चाक बसवत होते, तर धाडकन आवाज आला. बघते तर तुमचे चिरंजीव कपाळ चोळत उभे. न बघता आत आले आणि जिन्याला टाळकं आपटलं. हातात तुमची ती करडी प्रवासी बॅग. शिंपीकाकांचं मशीन थांबलं, चावीवाल्याची कानस थांबली. त्यांना मी कधी फोटो दाखवला नव्हता, पण लोकांना कळतं हो.

"आईने पाठवलंय," तो म्हणाला. "चेन अडकलीय म्हणे."

"कधी हवीय?"

"घाई नाही म्हणाली. पण काम चोख हवं म्हणाली." मग म्हणाला, "कोपऱ्यावर दुरुस्तीवाला आहे म्हटलं, तर ओरडली माझ्यावर. इथेच न्यायची म्हणाली. त्यासाठी रजा काढायला लावली."

आम्ही दोघंही 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही चुकवत बोलत होतो. मी नेहमीसारखं सांगितलं, "फासा टाकावा लागेल." त्याने फासा हातात घेतला, तो चावलेला कोपरा अंगठ्याने चाचपला आणि म्हणाला, "हा तर आपला..." मग टाकला. तीन पडले. मी म्हटलं, "मेण फुकट मिळणार नाही, एवढंच." तो हसला, आई. थोडंसंच, पण हसला. जाताना पटाकडे बघून म्हणाला, "छान मांडलंय." मी म्हटलं, "डोकं सांभाळून." राग कुठे आहे म्हणून शोधला तर सापडला नाही. बरं वाटलं त्याचं.

मग बॅग घेतली समोर. रनर बघितला आणि हात थांबले.

तुम्हाला वाटलं असेल, हिला काय कळतंय. अहो आई, माझा धंदा आहे हा! चेन वापरून बिघडते तेव्हा रनर झिजतो. हा झिजलेला नव्हता, पकडीने दाबला होता. पकडीचे दात उमटले होते त्यावर, आणि मधल्या एका दाताची जागा कोरी. ओट्याच्या खणातली पकड! मी धावत जाऊन भिंतीवरच्या खिळ्यावरून पहिला रनर काढला, तपकिरी बॅगेचा. नवा बसवल्यावर शुभशकुन म्हणून तो मी टांगून ठेवलाय, आणि रोज बघूनही कधी नीट बघितला नव्हता. दोन्ही रनर शेजारी शेजारी धरले. तेच दात, मधे तीच कोरी जागा.

फासा पडला नव्हता. तुम्ही ठेवलात, आणि वर चेन पकडीने दाबून टाकलीत. का, तेही आता कळलं. वरवर ठेवला असता तर मी त्याच दिवशी तो बघितला असता, आणि तेव्हाच्या तिरमिरीत तुमच्या दारात आणून आपटला असता. तुम्ही मला ओळखून आहात. राग निवल्याशिवाय तो हाती लागू नये, अशी तुम्ही सोय केली होती. आणि हे सगळं उरकून तुम्ही आत जाऊन घासलेली भांडी घासत बसलात! बाहेर आला असतात तर काय झालं असतं? रडला असतात, एवढंच ना? मी पण रडले असते. दोघी रडलो असतो.

चेन उघडायला मला वेळ लागला, कारण डोळ्यांना दिसत नव्हतं. शिंपीकाका म्हणाले, "मी करू का?" त्यांना मी हातही लावू दिला नाही.

आत आपला पट. चार पिवळ्या सोंगट्या. चार लाल. हिरव्या नाहीत, त्या बाबांच्या. त्या बाबांच्या फोटोपाशी ठेवल्या असणार तुम्ही. निळ्याही नाहीत, त्या ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या. आणि सगळ्यात खाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या तुमच्या घरातल्या सपाता.

त्या सपाता मी मांडीवर घेऊन बसले. माणूस सपाता कुणाच्या घरी पाठवतं, ते काय मला कळत नाही?

पण आई, तुम्हाला मी चांगली ओळखते. सपाता पाठवायला धीर झाला, निघायला होत नाहीये. लोक काय म्हणतील, सुटलेल्या सुनेकडे कुठे राहायला निघाली? मुलाला काय वाटेल? गुडघा, प्रवास, आणि काय काय. सकाळी उठून म्हणत असाल, बघू, उद्या बघू. मीही तसंच म्हणत होते इथे, सहा पडू दे, मग बघू. मुलाला काय वाटेल याची काळजी सोडा. बॅग घेऊन आलेला मुलगा सोडायलाही येईल, नुसतं मशीन कानाला लावून त्याला विचारा.

बॅग तयार आहे. चेन लोण्यासारखी चालतेय. पण आमच्या दुकानात एक नियम आहे, आज सकाळीच केलाय. ज्याची बॅग त्यानेच न्यायला यायचं, दुसऱ्या कुणाच्या हाती मिळणार नाही. शिंपीकाका आणि चावीवाला साक्षीला आहेत.

खोली एकच आहे, पण पलंग खिडकीपाशी आहे आणि सकाळचं ऊन येतं. सपाता पलंगाखाली ठेवल्यात. पट टेबलावर पसरलाय, लाल सोंगट्या तुमच्या बाजूला. पहिला डाव तुमचा.

आणि सहा पडायची वाट बघत बसू नका. एकवर सुटा. तुम्ही आयुष्यात कुणाला दिली नाहीत ती सवलत मी तुम्हाला देतेय.

तुमची सून,

पिवळी